ढिगाकडे पाठ करून बसलेला वर्ग

यंदा मृगाचा बहार लांबला आहे. होळी होऊन गेली तरी नागपुरातल्या नंदनवन भागात आमच्या गल्लीत संत्र्यांचे ठेले फिरतच आहेत. दुपारी दार उघडे ठेवून बसले की समोरच्या घरातली मुले एकमेकांच्या डोळ्यांत साली पिळतात, आणि त्यांचा तिखट, ओलसर वास उंबरठा ओलांडून आत येतो. नागपूरच्या माणसाला हा वास म्हणजे गोडवा. बाहेरगावच्या पाहुण्यापुढे तो तसे अभिमानाने सांगतोही. माझे तसे नाही. मला या वासाबरोबर शाई आठवते. पेट्यांत भरायचे तणस आठवते. वह्यांच्या कोपऱ्यांवर उमटलेले पिवळट, तेलकट अंगठे आठवतात. ज्या वर्षाविषयी मी लिहितो आहे, त्या वर्षी माझ्या शाळेतल्या सातवीच्या वह्या तपासायला घेतल्या की सारी खोली बगीच्यासारखी होऊन जाई.

मी हे लिहायला बसलो नसतो. आठवणी उगाळणे हा रिकाम्या माणसाचा उद्योग आहे असे माझे मत होते, आणि निवृत्त होऊन इतका काळ लोटला तरी ते बदललेले नाही. परंतु एखादी खोटी गोष्ट भर सभेत सांगितली जाते, तिच्यावर माणसे पोट धरून हसतात, आणि ती ज्याच्या नावावर सांगितली जाते तो माणूस अजून जिवंत असतो, तेव्हा त्याने गप्प बसणे म्हणजे त्या खोट्यावर सही करणे होय. मी आयुष्यात न वाचता कशावरही सही केली नाही.

गावाचे नाव लिहीत नाही. कळमेश्वरच्या रस्त्याने जाताना डावीकडे आत वळले की लागते, एवढे पुरे. तिथल्या प्राथमिक शाळेचा मी पुष्कळ वर्षे मुख्याध्यापक होतो. त्या शाळेतला सातवीचा वर्ग येत्या जूनपासून बंद होणार आहे, कारण पट उरलेला नाही. राहिलेली मुले कळमेश्वरला जातील. त्या वर्गाला निरोप देण्यासाठी गेल्या पंधरवड्यात समारंभ झाला. एखाद्या वर्गाला हारतुरे घालून निरोप देतात हे मी प्रथमच पाहिले. व्यासपीठावर माधवराव होते. माधव माझाच विद्यार्थी. त्याच्या वडिलांचा गावातला सर्वांत मोठा संत्र्याचा बगीचा. आता कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत त्याची ठेकेदारी चालते. बोलायला उभा राहिला आणि त्याने माझ्याकडे हात केला.

"आपल्या गुरुजीचा एक किस्सा सांगतो. साहेब आले तपासणीले. पाह्यते त सातवीत अर्धे पोट्टे गायब! आता वर्ग बंद होते! मंग गुरुजीनं काय केलं? आमच्या बगीच्यात गेले, संत्रे तोडणारे मजूर धरले, अन् देले तणसावर बसवून. म्हणे हे माहे इद्यार्थी! साहेब बी चाट! याले म्हणते डोकं!"

मंडप हसला. मागच्या रांगेत कोणीतरी शिट्टी वाजवली. मी उभा राहिलो.

"माधव, ती मुले पटावरची होती."

"गुरुजी, गंमत होती जी."

"गंमत तू स्वतःची कर. त्या मुलांची करू नकोस. आणि त्यांच्या आयांची तर मुळीच नाही."

तेवढ्यात अध्यक्षांनी कोणालातरी खूण केली आणि माझ्यासमोर पाण्याचा पेला आला. म्हातारा माणूस सभेत खरे बोलू लागला की त्याला पाणी देतात आणि खुर्चीवर बसवतात. मी पाणी घेतले नाही. पण माईक पुढच्या वक्त्याकडे गेला, आणि माझे बोलणे राहून गेले. ते येथे पुरे करतो.

प्रथम त्या वर्गाविषयी. सत्तर सालचा तो सातवीचा वर्ग साधा नव्हता. नाल्यापलीकडच्या वस्तीतले लोक दीक्षेच्या वेळी पायी आणि बैलगाड्यांनी नागपूरला गेले होते. पांढरे कपडे नेसून गेले आणि नवा धर्म घेऊन परतले. मीही त्याच गर्दीत होतो, शहरातल्या वस्तीतून आलेला एक नवशिका मास्तर. त्यानंतर ज्या मुलांचा जन्म झाला, त्यांतली पहिली मुले या वर्गात बसत होती. आयांची नावे भागरथा, सखू, कासा. मुलांची नावे विशाखा, सुजाता, राहुल, आनंद. मी हजेरी घेऊ लागलो की एका पिढीने दुसरीला काय दिले ते मला ऐकू येई. त्या नावांच्या मुलांना सातवीचा दाखला मिळणे, आणि त्यावर ती नावे शाईने लिहिली जाणे, ही वस्तीच्या लेखी काय गोष्ट होती ते गावठाणातल्या लोकांना कळत नव्हते असे मी म्हणणार नाही. चांगले कळत होते.

आणि तो वर्ग बंद होण्याच्या बेतात होता. ठरलेल्या आकड्याखाली पट गेला की वर्ग मोडायचा, असा वरून निरोप होता. मुलगे कळमेश्वरपर्यंत पायपीट करून शिकले असते कदाचित. मुलींना कोणी पाठवले नसते. तेव्हा नाल्यापलीकडच्या पाच-सहा मुलींच्या शिक्षणाचा शेवट त्या एका आकड्यात होता, आणि तो आकडा माघ-फाल्गुनात दरवर्षी ढासळत असे. कारण सरळ होते. मृगाचा बहार आणि परीक्षेचे दिवस एकाच वेळी येतात. शहरातला व्यापारी बगीचा ठेक्याने घेई, आणि त्याचा मुकादम मजूर ठेवताना आख्खे घरच ठेवी: पुरुष पेट्या वाहायला, बाया फळे निवडायला, मुले झाडाच्या पोटातली फळे काढायला. मुलांचे अंग लहान, ती काटेरी फांद्यांत शिरतात आणि फांदी मोडत नाही. मुले येणार नसतील तर बायाही नकोत, असा त्याचा खाक्या. दुसरे काम त्या महिन्यांत नव्हते.

माझे सहकारी देशकर मास्तर यांचे म्हणणे असे, की सतत गैरहजर मुलांची नावे कमी करून टाकावीत आणि राहिलेल्या हुशार मुलांना परीक्षेला बसवावे. निकाल उत्तम लागेल, शाळेचे नाव होईल, आणि नाव झाले की पट आपोआप वाढेल. ते वाईट मनाने बोलत नव्हते. सगळ्या तालुक्यात तेच चाले. कच्ची मुले फाल्गुनात गाळायची आणि वैशाखात निकालाचे पेढे वाटायचे. ज्या शाळेचा निकाल सर्वांत चांगला, तिने सर्वांत जास्त मुले घरी पाठवलेली असत. हे मी त्यांना तेव्हाही सांगितले होते आणि आजही, ते भेटले की, सांगतो.

"अहो, पण निकालाचे काय?" ते विचारत.

"निकाल कोणाचा? शाळेचा की मुलांचा?"

"तुम्ही फार वाद घालता," असे म्हणून ते घरी जात.

माधवने सांगितल्याप्रमाणे बगीच्यातला वर्ग ही माझ्या डोक्यातून निघालेली युक्ती असती, तर मला आनंदच झाला असता. मी काही विनयशील माणूस नाही. परंतु ती माझी नव्हती. एका संध्याकाळी भागरथाबाई शाळेच्या ओसरीवर आल्या. विशाखाची आई. उंच, काटक बाई. बोलताना पदर कमरेला घट्ट करीत, जणू बोलणे हेही अंगमेहनतीचे काम आहे. नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला, पदरात तीन मुले. मी वस्तीतच एका खोलीत राहत असे, त्यामुळे त्या मला घरी भेटू शकल्या असत्या. पण त्या शाळेत आल्या, आणि पायरीवर न बसता उभ्याच राहिल्या.

"गुरुजी, विशाखाचं नाव कमी करून राहिले काय तुमी?"

"मी करत नाही. पण ती महिनाभर आली नाही. साहेबांनी विचारले तर मी काय सांगू?"

"थे शाळेत येऊ नाही शकत. मुकादम साऱ्या घरालेच काढून टाकन." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "पण तुमी बगीच्यात येऊ शकता ना?"

"कामाच्या वेळी?"

"जेवाची सुट्टी दोन पाळ्यांत होते. पयल्या पाळीले माणसं अन् पोट्टे जेवतेत, आमी बाया ढिगावर. दुसऱ्या पाळीले आमी जेवतो, अन् पोट्टे ढिगावर बसतेत, संत्रे निवडाले. थे दुसरी पाळी तुमी घ्या."

"आणि ढिगावर कोण बसेल?"

"आमीच बसू."

"मग तुम्ही जेवणार कधी, भागरथाबाई?"

"आमचं आमी पाहू."

एवढे बोलून त्या निघून गेल्या. ज्याला युक्ती म्हणायचे ती ही, आणि तिची मालकी ही.

मुकादमाला विचारायला मी स्वतः गेलो. माधव हल्ली असेही सांगतो, की त्याच्या वडिलांनी मुलांना शिकायला मोकळीक दिली होती. त्याचे वडील त्या महिन्यात बगीच्यात फिरकलेही नाहीत. फळ ठेक्याने गेले की मालकाचा त्यात जीव राहत नाही. मुकादमाने तंबाखू मळत माझे सारे ऐकून घेतले आणि म्हणाला, "शिकवा ना, मले काय करा लागते? पण ढीग थांबला नाही पाह्यजे, मास्तर. सांजच्याले ट्रक भराचा हाय. ढीग थांबला, का शाळा खतम." ही त्या मोकळिकीची सारी हकीकत.

मग नागपूरला इतवारी बाजारात जाऊन मी एक गुंडाळफळा आणला. काळ्या मेणकापडाचा, वर-खाली दांड्या असलेला. शाळेच्या मधल्या सुट्टीत तो खांद्यावर टाकून मी बगीच्याकडे निघे, तेव्हा गावठाणातली मंडळी ओट्यांवरून म्हणत, "निघाले मास्तर बंदूक घेऊन." म्हणू देत.

बगीच्याच्या मध्यभागी एक मोकळी जागा होती. तिथे तणस अंथरून त्यावर तोडलेल्या संत्र्यांचा ढीग घालत. माणसाच्या कमरेइतका उंच, नारिंगी, आणि उन्हात पाहवणार नाही असा चकाकणारा. त्याच्याभोवती बाया बसत आणि मोठे, मध्यम, लहान, डागाळलेले असे निवडून पेट्यांकडे सारत. रिकाम्या पेट्या एकावर एक रचून मी त्यांवर फळा टांगला. पहिल्या दिवशी मुले ढिगाकडे तोंड करून बसली, आणि एकाचेही लक्ष फळ्याकडे लागेना. आपापल्या आयांचे हात पाहत राहिली. म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी फळ्याची जागा बदलली. मुले ढिगाकडे पाठ करून बसली. मी त्यांच्यासमोर, ढिगाकडे तोंड करून उभा.

वाचकांनी ही बैठक ध्यानात ठेवावी. पुढे त्या महिन्याविषयी ज्याने ज्याने काही सांगितले आहे, त्यांतले कोणी त्या जागी उभे नव्हते.

शेकडेवारी, त्रैराशिक, सरळव्याज, नद्या, कर्मणी प्रयोग. माशा घोंगावत. तणसावर ठेवलेल्या पाट्या घसरत. मुलांची बोटे सालीतल्या तेलाने माखलेली असत आणि पेन्सिल हातातून निसटे. आनंद नावाचा एक पोरगा उदाहरण सुटले नाही की हळूच मागे हात नेऊन एखादे डागाळलेले संत्रे ओढी, मी पाहिले की म्हणे, "गुरुजी, हातच्याले घेतलं." एरवी मी असले विनोद खपवून घेत नसे. तिथे घेतले. आणि मुलांच्या डोक्यांवरून मला ढीग दिसे, ढिगाभोवतीचे हात दिसत. ते थांबत नसत. झाडाच्या एका फांदीला फडक्यात बांधलेल्या शिदोऱ्या ओळीने टांगलेल्या असत, मुंग्या लागू नयेत म्हणून. पहिल्या पाळीत पुरुषांच्या आणि मुलांच्या शिदोऱ्या सुटत. दुसऱ्या पाळीत बायांच्या सुटायच्या. त्या सुटत नसत.

कोणी मला विचारील, तुम्ही हे पाहिले आणि थांबवले का नाही? अनेकांना हा प्रश्न मोठा मार्मिक वाटतो. माझे उत्तर असे, की तो माझा वर्ग होता, परंतु निर्णय त्यांचा होता. त्या बायांनी आपल्या मुलांसाठी जे ठरवले ते मोडण्याचा अधिकार मला कोणी दिला होता? दया दाखवून मी वर्ग बंद केला असता, तर दुसऱ्या दिवशी त्या बाया पोटभर जेवल्या असत्या आणि मुली जन्मभर ढिगावर बसल्या असत्या. मला त्यांचा हिशेब पटला होता. आजही पटतो.

साहेब आले ते अवचित. तालुक्याचे शिक्षणाधिकारी, नवी जीप, सोबत शिपाई. शाळेत सातवीचा वर्ग अर्धा रिकामा आणि मुख्याध्यापक जागेवर नाही. देशकर मास्तरांनी त्यांना धुऱ्याने, शेताच्या बांधाबांधाने, बगीच्यात आणले. देशकर आता नागपुरात पेन्शनरांच्या बैठकीत सांगतात, की साहेब देवमाणूस होते, वर्ग पाहून त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाचे विशाखाने खाडकन उत्तर दिले. ऐकायला गोड आहे. झाले ते असे.

साहेब संतापले होते. त्यांच्या बुटांना चिखल लागला होता. ते म्हणाले, "हेडमास्तर, ही शाळा आहे की मंडी?"

"सातवीचा वर्ग आहे साहेब. गणिताचा तास."

"ही मजूर पोरे आहेत. मजुरांना पटावर हजर दाखवता? तुमची नोकरी जाईल, ठाऊक आहे?"

मी उत्तर देण्याच्या आधी ढिगाकडून आवाज आला. भागरथाबाई उठल्या नव्हत्या. हातही थांबले नव्हते.

"मजूर आमी हाओ, साहेब. थे शाळेतले हायेत. तिकडं त्याईले मोजा, इकडं आमाले मोजा. मिसळू नोका."

साहेब ढिगाकडून मुलांकडे वळले. मग त्यांनी विशाखाला उभे केले आणि शेकडेवारीचे एक उदाहरण घातले. शेकडा बारा फळे नासकी निघाली तर अडीचशेंत किती? विशाखाने पाटीवर केले आणि उत्तर सांगितले. चुकले. साहेबांनी माझ्याकडे पाहिले. विशाखा पाटी पुसत म्हणाली, "परत करू काय?" तिने पुन्हा केले. पुन्हा चुकले. ती तिसऱ्यांदा पाटी पुसू लागली.

"बस," साहेब म्हणाले. आवाज उतरला होता. ते मुलांच्या ओळींतून फिरले, बोटाने मोजले, आणि धुऱ्याने परत गेले. त्यांनी वर काय कळवले ते मला ठाऊक नाही. मला कोणी दाखवले नाही आणि मी विचारले नाही. वर्ग मोडला नाही, एवढे खरे.

देशकरांना वाटते, की मुलीने बरोबर उत्तर दिले असे सांगितल्याने तिची आणि शाळेची शोभा वाढते. मला तसे वाटत नाही. मजूर चुकला तर मुकादम त्याला उद्या येऊ नको म्हणतो. विद्यार्थी चुकला तर तो पाटी पुसतो. ती दोनदा चुकली आणि तिसऱ्यांदा पाटी पुसू लागली, म्हणून ती माझ्या वर्गातली होती. याहून मोठा पुरावा मला कोणत्याही साहेबासमोर ठेवता आला नसता.

परीक्षेला मी सगळ्यांना नेले. एकाही मुलाला गाळले नाही. निकाल वाईट लागला. हेही लोक दबक्या आवाजात सांगतात, जणू माझे एखादे व्यंग उघडे करीत आहेत. मी मोठ्याने सांगतो: तालुक्यात आमचा निकाल तळाशी होता. गावठाणातल्या दोन घरांनी त्या जूनमध्ये आपली मुले काढून नागपूरला ठेवली. विशाखा गणितात नापास झाली. आनंदही झाला. पुढच्या वर्षी दोघे त्याच वर्गात पुन्हा बसले आणि उत्तीर्ण झाले. नापास होण्यासाठीसुद्धा वर्ग शिल्लक असावा लागतो. तो नसता, तर त्यांना नापास म्हणायलाही कोणी उरले नसते.

आता तो वर्ग खरोखरच बंद होतो आहे. समारंभात एका वक्त्याने सांगितले की मास्तर शिकवत नाहीत म्हणून पट गेला. दुसऱ्याने सांगितले की वस्तीतल्या लोकांना शिक्षणाचे महत्त्व नाही. दुसऱ्याचे ऐकून माझे मस्तक उठले. पट प्रथम कोणी सोडला, हे मी सांगू शकतो. मी दारात उभा होतो. ज्यांच्या ओट्यांवरून माझ्या गुंडाळफळ्याला बंदूक म्हटले गेले, त्या घरांतली मुले प्रथम गेली. मग औद्योगिक वसाहत आली, वस्तीतले तरुण कंपनीत लागले, आणि त्यांनीही आपली मुले इंग्रजी शाळेच्या रिक्षात बसवली. मी त्यांना दोष देत नाही. आपल्या मुलाने आपल्याहून पुढच्या बाकावर बसावे, एवढ्यासाठी तर सारे चालले होते. वर्ग रिकामा झाला तो त्या वर्गाने आपले काम केले म्हणूनही असेल. ही गोष्ट मला आनंदाची वाटावी, असे मी स्वतःला बजावतो. त्या दिवशी मोकळ्या बाकांवर हार ठेवलेले पाहिले तेव्हा वाटली नाही.

समारंभाला विशाखा आली होती. ती नागपुरातल्या सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. तिच्या हाताखाली आता बऱ्याच मुली शिकतात. त्या दिवशी गर्दीत बोलणे झाले नाही. गेल्या रविवारी ती घरी आली, पिशवीभर संत्री घेऊन. पाया पडू नको असे मी दरवेळी सांगतो आणि ती दरवेळी पडते. जमिनीवर बसली आणि माझ्यासाठी एक संत्रे सोलू लागली.

"गुरुजी, एवढे काहून चिडून राहिले तुमी त्या दिवशी? माधव त तसाच हाय. लोक हसले, झालं."

"तू हसलीस?"

"थोडीशी हसली," ती म्हणाली आणि खरेच हसली. "आई असती त तिनं त्याले मंडपातच धरलं असतं."

भागरथाबाई मागच्या पावसाळ्यात वारल्या. मी गेलो होतो.

"आई आमाले वेगळंच सांगे," विशाखा म्हणाली. "मी अभ्यासाले कंटाळा केला का म्हणे, थे गुरुजी आपली जेवाची सुट्टी सोडून तुमच्यासाठी उन्हात येतेत, उपाशी उभे राहतेत, अन् तुले झोप येते काय वं? आमाले लई वाईट वाटे तुमचं. मी आजबी पोरीईले सांगतो तुमचा तो किस्सा."

"तो खोटा आहे."

"आईनं सांगतलेला?"

"आईने सांगितलेला असला तरी. मी रोज शाळेत डबा खाऊन निघत असे. व्यवस्थित. माझे एकही जेवण चुकले नाही. उपाशी राहिल्या त्या तुमच्या आया. दुसरी पाळी त्यांच्या जेवणाची होती. त्या पाळीत तुम्ही फळ्यासमोर, म्हणून त्या ढिगावर. नंतर त्यांना सुट्टी नव्हती. तुमची पाठ होती. तुम्हांला दिसले नाही. मला रोज दिसत होते."

मी हे पुष्कळ आवेशाने बोललो. समारंभात अर्धवट राहिलेले सारे त्यात आले. वाद जिंकल्यावर माणूस समोरच्याकडे पाहतो, तसे मी तिच्याकडे पाहिले. तिचे हात थांबले होते. अर्धे सोललेले संत्रे ओंजळीत तसेच होते.

"मंग आईची भाकर?" तिने विचारले.

"फांदीला बांधलेली असे. संध्याकाळी तशीच सोडून नेत."

बाहेर ठेलेवाल्याने हाक दिली आणि तो पुढे गेला.

"गुरुजी," ती म्हणाली, "आई सांजच्याले बगीच्यातून आली का तिच्या फडक्यात एक भाकर राहे. वाळलेली. तिले संत्र्याचा वास येत होता. आमाले वाटे, बगीच्यातून खाऊ आणला. आमी तिघं भांडत होतो तिच्यासाठी. मी मोठी, म्हणून मी जास्ती घेत होती. आईले म्हणो, तू घे वं थोडीशी. त आई म्हणे, मले नोको, माहं झालं तिकडं."

तिने संत्रे खाली ठेवले. मी आयुष्यभर लोकांची म्हणणी खोडत आलो आहे. समोरचे माणूस रडू लागले म्हणून कधी माघार घेतली नाही. त्या दिवशी मात्र मी बोललो नाही. विशाखा गेली, संत्री मागे राहिली, आणि त्यांच्या वासात बसून मी हे लिहिले.

माधवचे म्हणणे मी खोडले. देशकरांचे खोडले. राहिले ते एकच, आणि ते सांगणारी बाई उत्तर द्यायला आता नाही. असती तर पदर कमरेला घट्ट करून माझ्याशी भांडली असती, आणि मला ते फार हवे होते. तरीही खोटे ते खोटेच. भागरथाबाई, तुमचे म्हणणे मला मान्य नाही. तुमचे जेवण झालेले नव्हते. मी समोर उभा होतो.